गस्तीच्या गाडीत बंदूक कुठे ठेवतात?

खंडेनवमीच्या दिवशी म्हैसुरातल्या एखाद्या पोलीस ठाण्यावरून जावं. जीपच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा, काचेवर गंधाचे पट्टे, चाकांखाली लिंबं. रस्त्यावर फुटलेल्या कोहळ्याच्या फोडी, त्यांत ओतलेलं लालभडक कुंकू. आत टेबलावर ओळीने मांडलेल्या रायफलींनाही हळदकुंकू लागलेलं. तिथे हिला आयुधपूजा म्हणतात. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारं आणि गाड्या पुजतात, तोच हा भाव. गाडी आणि बंदूक या दिवशी शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने बसलेल्या असतात.

एरवी त्यांचं अजिबात पटत नाही.

बंदुकीला स्थिर, कोरडी आणि कुलूपबंद जागा लागते. गाडी हलते, धक्के खाते, उन्हात तापते, तिची दारं दिवसातून पन्नास वेळा उघडतात आणि तिला चहूबाजूंनी काचा असतात. त्यातून गस्तीच्या गाडीतल्या बंदुकीकडून दोन उलट्या अपेक्षा आहेत. ती जगातल्या कुणाच्याही हाती लागता कामा नये, आणि एका माणसाला मात्र दोन-तीन सेकंदांत मिळाली पाहिजे. पहिली अपेक्षा तिजोरी पुरी करते आणि दुसरी कमरेचा पट्टा. दोन्ही एकाच जागी, तेही ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या लोखंडी खोक्यात साधायचं म्हटलं की प्रश्न फार मजेदार होतो. सायरनकडे पाहणाऱ्या आपल्याला तो कधी पडतही नाही.

आधी नुसती लांबी पाहू. आपल्या पोलिसांनी पिढ्यानपिढ्या वापरलेली थ्री नॉट थ्री सुमारे १.१३ मीटर लांब. तिच्यानंतर आलेली एसएलआर त्याहून किंचित लांबच. इन्सास जराशी आखूड, एक मीटरच्या आतली. वजन सगळ्यांचं चार किलोंच्या आसपास. म्हैसूर शहर पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यांना ‘गरुड’ म्हणतात. अशा कुठल्याही गाडीच्या मागच्या बाकावर दोघे-तिघे बसले की एवढी लांब वस्तू आडवी मावत नाही, तिरकी ठेवली तर शेजाऱ्याच्या बरगडीत जाते. म्हणून देशभर दिसणारं दृश्य एकच: शिपाई बसलेला, दस्ता दोन पावलांमध्ये, नळी छताकडे आणि हात नळीच्या मध्यावर. भारतीय गस्तीचा हा सर्वांत जुना गनरॅक. तो हाडामांसाचा आहे, रात्री तीन वाजता त्याला डुलकीही येते.

नळी वरच का? चुकून गोळी सुटलीच तर वर पातळ पत्रा आणि मोकळं आकाश असतं. खाली माणसांचे पाय, इंधनाची टाकी आणि डांबरावर आपटून कुठेही उसळणारी गोळी. हेलिकॉप्टरमध्ये बसताना मात्र सैनिक नळी खाली धरतात, कारण तिथे डोक्यावर इंजिन आणि पंखा असतो आणि पायाखालचं भोक परवडतं. म्हणजे ‘सुरक्षित दिशा’ नावाची दिशा होकायंत्रात नाही, ती वाहन बदललं की बदलते.

पण चाप कुणी ओढलाच नाही, तर नुसत्या खड्ड्याने गोळी सुटेल का?

इथे बंदुकीच्या पोटात शिरावं लागतं. काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. तिच्यात आघाताने पेटणारं मिश्रण असतं. फायरिंग पिन नावाची पोलादी काडी त्या टोपीवर नेमकी आदळली की ठिणगी, ठिणगीने दारू, दारूने गोळी. अनेक लष्करी रायफलींत ही पिन स्प्रिंगने मागे धरलेली नसते, आपल्या बिळात मोकळी पुढेमागे सरकत असते. अमेरिकन एम-१६ च्या सुरुवातीच्या नमुन्यांत ही पिन जरा जड होती. बोल्ट झटक्यात पुढे येऊन थांबला तरी पिन आपल्या वेगाने पुढे जात राही, आणि चापाला बोटही न लावता गोळी सुटे. इंजिनिअरांनी पिन हलकी केली. वस्तुमान घटलं, आघात घटला, प्रश्न मिटला; पण पुसून गेला नाही. त्या घराण्यातली रायफल आजही भरून, न झाडता काडतूस बाहेर काढा. टोपीवर एक बारीक ठिपका उमटलेला असतो. पिन येऊन टोपीला शिवून गेली, पेटवण्याइतकं बळ तेवढं तिच्यात नव्हतं. हा ठिपका ज्याने एकदा पाहिला, त्याला ‘सेफ्टी लावलीय ना’ या वाक्याने पुरतं समाधान कधी होत नाही. बहुतेक रायफलींची सेफ्टी चाप अडवते, पिनला धरून ठेवत नाही.

आधुनिक पिस्तुलांनी यावर तोड काढली. ग्लॉकमध्ये एकामागे एक तीन अडसर असतात. चापाच्या पात्यात एक, पिनच्या वाटेत आडवी उभी राहणारी खुंटी दुसरा, आणि पिस्तूल आपटलं तरी पिनचा खटका निसटू न देणारी खाच तिसरा. चाप पूर्ण मागे गेल्याशिवाय खुंटी पिनच्या वाटेतून हटत नाही. लांब बंदुकीसाठी मात्र अनेक पोलीस दलं साध्या उपायावर विसंबतात: मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं. अमेरिकी पोलिसांत या अवस्थेला ‘क्रूझर रेडी’ म्हणतात. पिनच्या समोर टोपीच नसेल तर पिनने कितीही नाचावं. वापरायची वेळ आली की बोल्ट एकदा ओढायचा, एक सेकंद जातो. त्या एका सेकंदाच्या बदल्यात आठ तासांची पाळी निर्धास्त जाते. सौदा स्वस्तातला आहे.

आता खड्डा सोडा, टक्कर घ्या. ताशी पन्नासने जाणारी गाडी झाडावर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असं धरू. वेग होता सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. तो एवढ्या वेळात शून्यावर आला, म्हणजे आतल्या प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या चौदापट हिसका बसला. चार किलोंची रायफल अडवून धरायला त्या क्षणापुरतं छप्पन किलोंचं बळ लागेल, म्हणजे सिमेंटचं अख्खं पोतं एका मुठीत धरून ठेवायचं. माणसाला सीटबेल्ट असतो, बंदुकीला नसतो. हातातून सुटलेली रायफल पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेकडे जाते आणि त्यासाठी तिच्यात काडतूस असावंच लागत नाही. आपल्याकडे बंदुकीच्या सुरक्षेची चर्चा नेहमी गोळीभोवती फिरते. माझ्या मते गस्तीच्या गाडीत रोजचा धोका गोळीचा कमी आणि चार किलो मोकळ्या पोलादाचा जास्त आहे.

ज्या देशांनी हे ओळखलं, त्यांनी बंदुकीला गाडीतच खुर्ची दिली. अमेरिकी गस्तीच्या गाडीत दोन पुढच्या सीटच्या मध्ये उभी, किंवा मागच्या जाळीला आडवी, एक चौकट असते. दस्ता खालच्या खोबणीत बसतो आणि बंदुकीच्या मधल्या अंगाला दोन पोलादी जबडे येऊन मिठी मारतात. ओरखडा पडू नये, खडखड होऊ नये म्हणून जबड्यांना आतून रबर लावलेलं असतं. खडखडीचं महत्त्व फक्त कानाला नाही. महिनोन् महिने थरथरणारी बंदूक स्वतःचे स्क्रू सैल करते आणि तिची नेम धरायची साधनं जागची हलतात.

खरी गंमत कुलपात आहे. जबड्याला आतून एक खिट्टी अडवते आणि ही खिट्टी म्हणजे तारेच्या वेटोळ्यात बसवलेला लोखंडी दांडा. वेटोळ्यातून गाडीच्या बॅटरीचा प्रवाह गेला की त्याचं चुंबक होतं, दांडा आत खेचला जातो आणि जबडा मोकळा होतो. बटण दर्शनी नसतं. ते डॅशबोर्डच्या खाली, सीटच्या बाजूला, अशा कुठेतरी असतं की ज्याला ठाऊक आहे त्याचा हात न बघता तिथे जावा आणि मागे बसवलेल्या संशयिताला ते जन्मात सापडू नये. शिवाय एक कालमापक. बटण दाबल्यावर काही सेकंदच कुलूप उघडं राहतं, तेवढ्यात बंदूक ओढून घेतली नाही तर खिट्टी आपोआप परत बसते. घाईत बटण दाबून अधिकारी खाली उतरला आणि मागे गाडी उघडी राहिली, तरी बंदूक पुन्हा बंद.

वीज गेली तर? या प्रश्नाचं उत्तर कुलूप बनवणाऱ्याला आधीच द्यावं लागतं. सिनेमागृहाच्या आपत्कालीन दाराला विजेचं कुलूप असेल तर वीज जाताच ते उघडलं पाहिजे, नाहीतर माणसं आत अडकतील. बंदुकीच्या कुलपाने वीज जाताच बंदच राहायचं असतं, नाहीतर बॅटरीची वायर तोडणारा चोर हसत हसत रायफल घेऊन जाईल. चुंबक तेच, वेटोळं तेच. स्प्रिंग कोणत्या बाजूने लावली एवढाच फरक. बॅटरी मेलीच तर अधिकाऱ्याच्या खिशात साधी किल्ली असते.

एअरबॅग आल्या तेव्हा या चौकटींची जागा नव्याने शोधावी लागली. डॅशबोर्डजवळ उभी केलेली बंदूक फुगणाऱ्या पिशवीच्या वाटेत आली, तर माणसाला वाचवायला निघालेली पिशवी तीच बंदूक त्याच्या तोंडावर फेकते.

यंत्र कळलं, पण त्याच्यामागे एक प्रशासकीय प्रश्न लपलेला आहे आणि तो मला यंत्राहून रंजक वाटतो. बंदूक नेमकी कुणाच्या ताब्यात? माणसाच्या, गाडीच्या की इमारतीच्या?

लंडनच्या पोलिसांनी १९९१ मध्ये सशस्त्र प्रतिसाद पथकाच्या गाड्या सुरू केल्या. साधा ब्रिटिश शिपाई निःशस्त्र, पण या गाड्या शहरभर फिरत आणि त्यांच्यात बोल्टने जखडलेली पोलादी पेटी असे. सुरुवातीला पेटी उघडायलाही वरिष्ठांची परवानगी लागे. नॉर्वेत कित्येक दशकं हीच रीत होती: पोलीस रिकाम्या कमरेने फिरे, पिस्तूल आणि सबमशीनगन गाडीत कुलपाआड, आणि हत्यार घ्यायचा हुकूम पोलीसप्रमुखाकडून आला की मगच कुलूप उघडायचं. न्यूझीलंडच्या गस्तीच्या गाड्यांतही ग्लॉक आणि रायफली कुलूपबंद कपाटात असतात. या रीतीत बंदूक गाडीची असते, माणूस ती गाडीकडे मागायला जातो.

नॉर्वेने २०१४ च्या नोव्हेंबरपासून २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत दहशतवादाच्या भीतीने पिस्तुलं गाडीतून काढून पोलिसांच्या कमरेला दिली होती. त्या काळात चुकून गोळी सुटण्याचे प्रकार चर्चेत आले. कारण साधं आहे. पेटीत पडून राहिलेल्या पिस्तुलाला दिवसभर कुणी हात लावत नाही. कमरेचं पिस्तूल रोज भरायचं, रोज रिकामं करायचं, आणि बंदुकीचा घात बहुधा भरताना, रिकामी करताना किंवा पुसताना होतो.

आपल्याकडे बंदूक इमारतीची असते. तिचं घर म्हणजे कोत, पोलिसांचं शस्त्रागार. पाळी सुरू होताना शिपाई खिडकीशी उभा राहतो, कोताचा हवालदार रायफल देतो, राउंड मोजून देतो, रजिस्टरवर सही होते. प्रत्येक रायफलीच्या दस्त्यावर रंगाने घातलेला बट नंबर असतो. कारखान्याने पोलादात कोरलेला लांबलचक क्रमांक वेगळा, हा घरचा. शिपायाला स्वतःच्या मोटारसायकलचा नंबर एखादे वेळी आठवणार नाही, बट नंबर आठवतो. पाळी संपली की परत खिडकी. ‘खाली कर’ झालं, बोल्ट मागे ओढला, बोट घालून चेंबर चाचपलं, राउंड मोजून परत, सही. रात्रीच्या अंधारात बोट घालून चाचपायचं यासाठी, की डोळ्याला रिकामं दिसणारं चेंबर रिकामं असतंच असं नाही. एक राउंड कमी भरला तर सगळ्यांची झोप गेली. चौकशी, जबाब आणि सर्व्हिस बुकात आयुष्यभराची ओळ.

या पद्धतीत गाडीला कुलूप नाही म्हणून हसणं सोपं आहे. पण कुलपाचं काम इथे वहीने केलेलं आहे. बंदूक कुणाच्या तरी नावावर चढते आणि जोवर उतरत नाही तोवर त्या माणसाला चहा प्यायलाही तिला घेऊनच उतरावं लागतं. टपरीपाशी एका हातात ग्लास आणि दुसऱ्या खांद्यावर रायफल घेतलेला शिपाई दिसतो, तो काही ऐट म्हणून नव्हे. काश्मीरमध्ये रायफली हिसकावण्याचे प्रकार वाढले तेव्हा जवानांनी हत्यार साखळीने स्वतःच्या पट्ट्याला बांधून घेतलं. माणूसच चौकट, माणूसच जबडा. साखळीने बंदूक जात नाही हे खरं, पण बंदूक ओढणाऱ्याबरोबर माणूसही ओढला जातो.

या दोन्ही पद्धती जिथे थिट्या पडल्या, ती जागा मराठी वाचकाला सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, मुंबईत कामा इस्पितळाजवळची रंगभवनाची गल्ली, पोलिसांची क्वालिस. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे अधिकारी आणि मागच्या बाजूला शिपाई. गोळीबारानंतर दोन अतिरेक्यांनी अधिकाऱ्यांना बाहेर काढलं आणि तीच गाडी घेऊन ते मेट्रो सिनेमाकडे निघाले. मागे सहकाऱ्यांच्या देहांखाली जखमी अरुण जाधव जिवंत होते. हत्यार हाताच्या अंतरावर होतं, पण गोळी लागलेला हात आणि अंगावरचं ओझं यांनी ते उचलू दिलं नाही. पोलिसांच्याच गाडीतून रस्त्यावरच्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे टायर गेल्याने अतिरेक्यांनी गाडी सोडली आणि जाधवांनी वायरलेसवरून खबर दिली.

त्या गाडीत विजेचं कुलूप असतं तर? काही बदललं नसतं, उलट गल्लीत वळताना बंदुका जबड्यात अडकलेल्या असत्या. दोन सेकंदांत हाती येणारी बंदूकही अर्ध्या सेकंदात येणाऱ्या गोळीपुढे उशिराच पोचते. कुलूप तयार करणारा कारागीर चोर, संशयित, खड्डा आणि टक्कर यांचा हिशेब मांडू शकतो. दबा धरून बसलेल्या माणसाचा हिशेब त्याच्या वहीत नसतो.

मग आपल्या गस्तीच्या गाड्यांत चौकटी असाव्यात का? माझं मत विचाराल तर असाव्यात, पण परदेशी चौकट जशीच्या तशी नको. तिथे गाडीत दोन माणसं आणि ठरलेल्या दोन बंदुका असतात. आपल्याकडे आज इन्सास, उद्या बंदोबस्ताला जुनी एसएलआर, परवा कार्बाइन, आणि माणसं कधी तीन, कधी पाच. एका मापाचा जबडा तिघींना बसायचा नाही. निदान दस्त्याला खोबण आणि नळीला चटकन सुटणारा पट्टा एवढं जरी प्रत्येक गाडीत आलं, तरी टक्करीतलं छप्पन किलोंचं गणित सुटतं. त्याला वीजही लागत नाही.

उन्हाची भीती मात्र सोडून द्यायला हरकत नाही. बंद गाडी उन्हात तापून साठ-सत्तर अंशांवर गेली तरी काडतुसातली दारू आपोआप पेटायला दीडशे अंशांच्या पुढचं तापमान लागतं. गाडीला आगच लागली तर सुटी काडतुसं फटाफट उडतात, पण सिनेमातल्यासारखी गोळी सणसणत जात नाही. चेंबरच्या पोलादाचा आधार नसला की पितळी कवचच फाटतं आणि दाब वाटेल तिकडे निसटतो. आगीत खरी भीती असते ती चेंबरमध्ये भरून ठेवलेल्या एकाच काडतुसाची. त्याला नळी मिळालेली असते. चेंबर रिकामं ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

आगीचा आणि चेंबरचा हा जुना संबंध म्हैसुरात दरवर्षी लाखो लोक बघतात, फक्त तो कुणी तसा पाहत नाही. दसऱ्याला सोन्याच्या अंबारीतल्या चामुंडेश्वरीवर मुख्यमंत्री पुष्पवृष्टी करतात, पोलीस बँड राष्ट्रगीत वाजवतो आणि त्याच वेळी शहराच्या सशस्त्र राखीव दलाचे पोलीस सात तोफांतून एकवीस बार काढतात. प्रत्येक तोफेला तीन. दोन बारांमध्ये एक जण ओल्या फडक्याचा दांडा नळीत घालून फिरवतो. आधीच्या बाराची एक ठिणगी आत राहिली तर नवी दारू ठासणाऱ्याचे हात जातील. हत्ती-घोड्यांना आवाजाची सवय व्हावी म्हणून आधी काही आठवडे सराव होतो आणि त्या सरावातही तो ओला दांडा सुटत नाही.

या तोफांना कुलूप लागत नाही, खांद्यावर टाकून पळणार कोण? कुलूप लागतं दारूला. जुन्या काळी हीच रीत होती: तोफ उघड्या बुरुजावर आणि दारू लांब, जाड भिंतींच्या आत. कोतातून बंदूक आणि राउंड वेगवेगळे मोजून मिळतात, त्यात तीच रीत उरली आहे.

म्हैसुरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर श्रीरंगपट्टणात टिपूच्या काळातलं असं एक विटा-चुन्याचं शस्त्रागार आहे, निम्मं जमिनीत पुरलेलं. १७९२ मध्ये मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसबरोबर या बेटासमोर तळ देऊन होते, तेव्हा आतल्या माणसांना असल्याच कोठारांचा भरवसा होता. बंगळूर-म्हैसूर रेल्वेमार्ग दुपदरी करताना ते नेमकं रुळांच्या वाटेत आलं. पाडायचं तर वारसा जातो आणि रेल्वे वळवायला जागा नव्हती. म्हणून २०१७ मध्ये त्याच्या पायाखाली पोलादी तुळया घातल्या, हायड्रॉलिक जॅकनी ते उचललं आणि सुमारे हजार टनांची ती इमारत एकसंध, इंच इंच सरकवत शंभरेक मीटरवर नेऊन ठेवली. त्या प्रवासात तिचा वेग गस्तीच्या कुठल्याही गाडीपेक्षा कमी होता, आणि आत हत्यार एकही नव्हतं.